लेबलावरचं नाव

तीन वर्षांपूर्वी आम्ही दोघं लेकीकडे शिकागोला गेलो होतो. आमची ही नातवात रमली. मला मात्र दुपारी खायला उठायच्या. शेवटी जावईबापूंनी माझी नस ओळखली आणि एका शनिवारी जुन्या रेकॉर्डच्या दुकानात मला नेऊन सोडलं. दुकान कसलं, गोदामच ते. एल.पी. फळ्यांवर ऐटीत उभ्या, आणि सात इंची तबकड्या मात्र जमिनीवर, पुठ्ठ्याच्या खोक्यांत. मी सरळ फतकल मारली. या वयात जमिनीवर बसणं सोपं, उठणं अवघड. पण ज्याला हा नाद आहे त्याला गुडघ्यांची कुरकूर ऐकू येत नाही.

दोनेक तासांनी हाताला एक तबकडी लागली. कीन नावाच्या छोट्या कंपनीची, १९५७ सालची. गायक सॅम कुक, गाणं ‘यू सेंड मी’. किंमत चार डॉलर. अमेरिकेतल्या त्या काळच्या पुष्कळशा स्वस्त तबकड्या विनाइलच्या नसतात, स्टायरीनच्या असतात. वजनाला हलक्या आणि पिनेला हळव्या. शंभरदा वाजवली की सुरांपेक्षा खरखर जास्त. म्हणून मी ती उजेडात तिरपी धरून पाहिली. चरे होते, पण बेताचे. मग बँकेतली सवय म्हणून लेबलावरचं सगळं वाचून काढलं. मोठ्या अक्षरातली ओळ कोणीही वाचतं. आमचा जन्म गेला बारीक अक्षरं वाचण्यात.

गाण्याच्या नावाखाली, गीतकाराचं नाव छापतात त्या जागी, एल. सी. कुक असं होतं. आता हे गाणं सॅमनेच रचलं, ही गोष्ट जगजाहीर आहे. एल. सी. हा त्याचा धाकटा भाऊ. गाणं एकाचं आणि कागदावर नाव दुसऱ्याचं, या प्रकाराला काय म्हणतात हे ज्याने तीन तपं बँकेत काढली त्याला सांगावं लागत नाही. आपण त्याला बेनामी म्हणतो.

सॅम कुकची आणि माझी ओळख फार जुनी. मुंबईत फोर्टातल्या शाखेत नव्याने रुजू झालो, तेव्हा आमचे हेड कॅशियर गोव्याचे होते. नोटा मोजताना ते घशातल्या घशात काहीतरी गुणगुणत. भीमसेन आणि आशाबाईंपलीकडे मला ठाऊक नव्हतं. त्यांनी एका रविवारी धोबीतलावच्या घरी जेवायला बोलावलं आणि जेवणानंतर एक एल.पी. लावली. त्यांचा भाऊ बोटीवर नोकरीला होता, त्याने ती अमेरिकेतून आणलेली. शब्द मला अर्धेच कळले. पण तो आवाज! सुराला थेट भिडायचं नाही, त्याच्या आधी जरा थबकायचं, मग वळसा घेऊन अलगद त्यावर उतरायचं. आपल्याकडे याला हरकत म्हणतात. हा परदेशी माणूस हे कुठे शिकला, हा प्रश्न त्या दिवशी डोक्यात शिरला तो शिरलाच.

तो शिकला चर्चमध्ये. सॅमचा जन्म २२ जानेवारी १९३१ चा, मिसिसिपी राज्यातल्या क्लार्क्सडेल गावचा. वडील धर्मोपदेशक. दक्षिणेतल्या कापसाच्या मुलखात काळ्या माणसाला भविष्य नव्हतं, म्हणून हजारो कुटुंबं उत्तरेकडे निघाली, त्यातच हेही १९३३ साली शिकागोत आले. वडील उपदेश करत आणि मुलं गात. एल. सी. पुढे एक गंमत सांगत असे. लहानपणी सॅम आइस्क्रीमच्या काड्या जमिनीत ओळीने खोचायचा आणि त्यांच्यासमोर उभा राहून गायचा. काड्या म्हणजे श्रोते. आपण मोठेपणी घड्याळाच्या काट्यावर नोकरी करणार नाही, हेही त्याने तेव्हाच जाहीर करून टाकलं होतं. मी त्याच वयात काय जाहीर केलं होतं ते आठवत नाही, पण दहा ते पाचची नोकरी इमानेइतबारे केली.

१९४८ साली शाळा संपली. १९५० च्या अखेरीस, विशीही गाठली नव्हती तेव्हा, त्याला सोल स्टिअरर्स या नामांकित भजनी संचात मुख्य गायकाची जागा मिळाली. आधीचा गायक आर. एच. हॅरिस म्हणजे त्या गायकीतलं देवस्थान. त्याच्या जागी हे पोर उभं राहिलं, तेव्हा जुने श्रोते नाक मुरडून बसले होते. सांगतात, की हॅरिसची तार सप्तकातली फेक सॅमला झेपेना, म्हणून तो त्या सुराखालून वळसे घेत निसटायला लागला आणि त्याच वळशांवर लोक भाळले. म्हणजे धोबीतलावला मी जी हरकत ऐकली ती एका अडचणीतून जन्मलेली होती. १ मार्च १९५१ रोजी त्याने स्पेशल्टी कंपनीसाठी पहिलं ध्वनिमुद्रण केलं. पुढची पाच-सहा वर्षं चर्चचर्चमधून तरुण मुली पुढच्या बाकांवर गर्दी करू लागल्या. त्यात भक्ती किती आणि सॅम किती, हा हिशेब कोणी मांडला नाही.

मग त्याला पलीकडचं जग दिसायला लागलं. भजन गाणाऱ्याने प्रेमगीत गाणं हा तिकडे मोठाच अपराध होता. आपल्याकडे नावाजलेल्या कीर्तनकाराने एकाएकी तमाशाच्या फडात उभं राहावं, तसं. म्हणून त्याने पहिलं प्रेमगीत डेल कुक या खोट्या नावाने गायलं. आवाज मात्र लपेना, सगळ्यांनी ओळखला. १ जून १९५७ ला त्याने निर्माता बम्प्स ब्लॅकवेलच्या साथीने ‘यू सेंड मी’ मुद्रित केलं. स्पेशल्टीचे मालक आर्ट रूप स्टुडिओत आले, मागे गोड गळ्याने आ-आ करणारा गोरा कोरस ऐकला आणि भडकले. हे आपल्या कंपनीचं गाणंच नव्हे, असं त्यांचं मत. वाद इतका वाढला, की ब्लॅकवेलने आपल्या येणे असलेल्या रॉयल्टीवर पाणी सोडलं आणि बदल्यात ती ध्वनिफीत व सॅमचा करार घेऊन तो बाहेर पडला. रूप हा हिशेबाचा पक्का माणूस होता. तरी माझ्या मते कर्जखात्यांच्या इतिहासात असा आतबट्ट्याचा समझोता क्वचित झाला असेल.

कारण कीनने ते गाणं बाजारात आणलं आणि वर्षअखेरीस ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. दहा लाखांवर तबकड्या खपल्या. मजा अशी, की कंपनीची भिस्त दुसऱ्या बाजूवरच्या ‘समरटाइम’वर होती. रेडिओवाल्यांनीच तबकडी उलटली. नोव्हेंबरात एड सलिव्हनच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात सॅम गायला उभा राहिला आणि वेळ संपली म्हणून मध्येच तोडला गेला. प्रेक्षकांनी इतकी ओरड केली, की १ डिसेंबरला त्याला पुन्हा बोलवावं लागलं. आडनावाला शेवटी इंग्रजी ‘ई’ जोडला तोही याच वर्षी. उच्चारात फरक शून्य, पण नवं जग, नवं नाव.

आणि लेबलावर भावाचं नाव का, तेही इथेच उलगडतं. गीतकार म्हणून सॅम अजून रूप यांच्या प्रकाशन कंपनीशी बांधलेला होता. स्वतःचं नाव घातलं असतं, तर गीताच्या उत्पन्नातला वाटा तिकडे गेला असता. तिकडे गाण्याचे दोन मालक असतात, हे सर्वसाधारण श्रोत्याला ठाऊक नसतं. एक, ध्वनिमुद्रणाचा. दुसरा, शब्द आणि चाल यांचा. तुम्ही गा, तुमचा शेजारी गावो, उद्या कोणी सनईवर वाजवो, दर वेळी दुसऱ्या मालकाच्या खात्यात पैसे जमा होतात. गाणारा म्हातारा होतो, आवाज जातो. हे खातं चालू राहतं. त्या काळच्या बहुतेक काळ्या गायकांनी हे खातं शेदोनशे डॉलरला किंवा एखाद्या चकचकीत मोटारीच्या मोबदल्यात देऊन टाकलं होतं. सॅमला हे व्याकरण शिकवलं जे. डब्ल्यू. अलेक्झांडर या जुन्या भजनी गायकाने. त्याची स्वतःची काग्ज म्युझिक नावाची छोटी गीतप्रकाशन संस्था होती, तिच्यात सॅमने भागीदारी घेतली. कीनने रॉयल्टी थकवली तेव्हा सॅम कोर्टात गेला आणि कंपनी सोडून १९६० साली बड्या आर. सी. ए. व्हिक्टरकडे आला. त्याआधी १९५९ मध्ये त्याने, अलेक्झांडरने आणि सोल स्टिअरर्सच्या रॉय क्रेनने स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली होती. तिघांच्या नावांची आद्याक्षरं जोडून तिचं नाव ठेवलं सार. काळ्या गायकाने काढलेली रेकॉर्ड कंपनी ही तेव्हा अपूर्वाई होती. सारच्या तबकड्या आज संग्राहक शोधत फिरतात. माझ्याकडे एकच आहे, तीही कडेला टवका उडालेली.

पण तिचा मला अभिमान आहे, कारण या कंपनीत सॅम मालकासारखा वागला नाही. वोमॅक आडनावाची पाच भावंडं त्याच्याकडे भजन गायला आली. त्यांना त्याने व्हॅलेंटिनोज नाव देऊन लौकिक गाण्यात आणलं. १९६४ मध्ये त्यांचं एक गाणं इंग्लंडच्या रोलिंग स्टोन्सनी उचललं आणि ते तिकडे पहिल्या क्रमांकावर गेलं. बॉबी वोमॅक आधी खूप चिडला होता, या गोऱ्या पोरांनी आपलं गाणं नेलं म्हणून. मग रॉयल्टीचा चेक आला. त्यानंतर त्यांनी आपली आणखी गाणी न्यावीत, असं त्याला वाटू लागल्याचं तो सांगत असे.

आर. सी. ए.ची वर्षं सगळ्यांना ठाऊक आहेत. ‘चेन गँग’, ‘क्यूपिड’, ‘ब्रिंग इट ऑन होम टू मी’. मी त्यात शिरत नाही. दोन मैफलींबद्दल मात्र सांगितलं पाहिजे. न्यूयॉर्कचा कोपाकबाना हा गोऱ्या श्रीमंतांचा नाइट क्लब. १९५८ साली तिथे सॅम साफ पडला होता. ते शल्य त्याने सहा वर्षं जपलं आणि १९६४ च्या उन्हाळ्यात तिथेच जाऊन टाळ्या घेतल्या. ती एल.पी. ऐका. सगळं कसं इस्त्री केलेलं. आता दुसरी ऐका, १२ जानेवारी १९६३ ची, मायामीच्या हार्लेम स्क्वेअर क्लबातली. काळ्या वस्तीतला क्लब, घरचे श्रोते. आवाज फाटलेला, घामेजलेला, लोक ओळीओळीला हुंकार देताहेत. सोल या शब्दाचा अर्थ मला त्या तबकडीने सांगितला. देवळातली आळवणी जशीच्या तशी उचलून माणसाच्या प्रेमापाशी आणून ठेवली की जे होतं, ते सोल. कंपनीला ही मैफल फार रांगडी वाटली. फीत कपाटात गेली ती १९८५ मध्ये बाहेर आली. सॅम जाऊन तेव्हा वीस वर्षं उलटली होती.

दक्षिणेत दौऱ्यावर असताना तो पैशावाला होता, प्रसिद्ध होता आणि तरीही काळा होता. १९६१ च्या मे महिन्यात मेम्फिसला काळ्या-गोऱ्यांना वेगळं बसवणार असं कळल्यावर त्याने आणि क्लाइड मॅकफॅटरने गायला नकार दिला. त्या दिवसांत हा मोठा धोका होता. १९६३ ने तर त्याला पुरतं हलवलं. जूनमध्ये दीड वर्षाचा मुलगा व्हिन्सेंट घरच्याच पोहण्याच्या तलावात बुडून गेला. ८ ऑक्टोबरला लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टमध्ये हॉटेलात आगाऊ खोल्या घेतलेल्या असूनही, माणसं पाहिल्यावर जागा नाही असं सांगण्यात आलं. सॅमने आवाज चढवला, मोटारींचे भोंगे वाजले आणि शांतताभंगाच्या आरोपाखाली त्याला व सोबत्यांना अटक झाली. त्या शहराने रीतसर माफी मागितली २०१९ साली. छप्पन वर्षांनी.

बॉब डिलन या गोऱ्या मुलाचं अन्यायाविरुद्धचं गाणं तेव्हा गाजत होतं. हे आपण का लिहिलं नाही, याची सॅमला टोचणी लागली होती. मग ‘अ चेंज इज गॉना कम’ हे गाणं त्याच्याकडे जणू चालत आलं. रेने हॉलने त्याची वाद्यरचना एखाद्या सिनेमाच्या पार्श्वसंगीतासारखी केली. व्हायोलिनं, फ्रेंच हॉर्न, मोठे नगारे. हे ऐकून बॉबी वोमॅकला मरणाची चाहूल लागल्यासारखं वाटलं. खुद्द सॅमलाही त्या गाण्याची थोडी भीती वाटे. ७ फेब्रुवारी १९६४ ला त्याने ते दूरचित्रवाणीवर एकदाच गायलं. ती फीत कोणी जपून ठेवली नाही. दोनच दिवसांनी बीटल्स अमेरिकेच्या पडद्यावर आले आणि सारा देश त्यांच्या मागे लागला. सॅमने ते गाणं पुन्हा लोकांसमोर गायलं नाही.

हिशेब तपासणीस ॲलन क्लाइन त्याच्या आयुष्यात याच सुमारास, १९६३ मध्ये आला. त्याने आर. सी. ए.च्या वह्या उघडायला लावल्या, सॅमचं येणं बाहेर काढलं आणि नवा करार घडवला. ट्रेसी लिमिटेड नावाची नवी कंपनी तबकड्या काढणार, आर. सी. ए.ने फक्त विकायच्या. ट्रेसी हे सॅमच्या मुलीचं नाव. बाप म्हणून याहून जास्त काय हवं? पण कराच्या सोयीसाठी म्हणून सॅमला मिळाले प्रेफरन्स शेअर, आणि कंपनीची मालकी क्लाइनच्या नावावर. आमच्याकडे नव्या प्रोबेशनरला पहिल्या आठवड्यात शिकवतात, की प्रेफरन्स शेअरवाल्याला लाभांश आधी मिळतो, सत्ता मिळत नाही. ज्याने रूपच्या तावडीतून गाणं सोडवलं, भावाच्या नावावर ठेवून वाचवलं, स्वतःची कंपनी काढली, त्याने मुलीचं नाव पाहिलं आणि बारीक अक्षरं दुसऱ्यावर सोपवली.

मला हसायचा अधिकार नाही. माझी पहिली कादंबरी एका प्रकाशकाने स्वीकारली, तेव्हा मी शाखेत दिवसाला वीस-पंचवीस गहाणखतं तपासत होतो. एखाद्या शेतकऱ्याने न वाचता अंगठा उठवला, तर त्याला थांबवून मजकूर समजावून सांगायचो. प्रकाशकाने चहा मागवला, मुखपृष्ठाचं चित्र दाखवलं. त्यावर माझं नाव इतकं ठसठशीत होतं, की माझी नजर तिथून हलली नाही. तीन पानी कराराच्या शेवटी मी सही केली. तिसऱ्या पानावर सर्व हक्क कायमचे दिल्याचं लिहिलं होतं. पुढे सात आवृत्त्या निघाल्या. एका आवृत्तीची प्रत मी स्वतः दुकानातून विकत घेतली, दहा टक्के सवलतीत. हिला ही गोष्ट मी अकरा वर्षांनी सांगितली.

सॅमच्या शेवटाबद्दल थोडक्यात सांगतो. ११ डिसेंबर १९६४ च्या पहाटे लॉस एंजलिसमधल्या एका मोटेलात तिथल्या व्यवस्थापक बाईने त्याच्यावर गोळी झाडली. चौकशीत तो स्वसंरक्षणाचा प्रकार ठरला. घरच्यांना हे कधीच पटलं नाही आणि त्या रात्रीबद्दल अजून पुस्तकं निघतात. तो तेहतीस वर्षांचा होता. शिकागोत अंत्यदर्शनाला कडाक्याच्या थंडीत हजारोंनी गर्दी केली. पुढे त्याच्या पत्नीनेही उरलेले हक्क विकून टाकले. क्लाइन २००९ साली गेला. सॅमच्या अखेरच्या वर्षांतल्या गाण्यांवर आज त्याने उभ्या केलेल्या एब्को कंपनीचं नाव असतं. एल. सी. २०१७ पर्यंत जगला. तोही चांगला गायचा, सारसाठी त्याने गाणी मुद्रित केली होती.

भारतात परतण्याआधी जावईबापूंनी मला शहराच्या दक्षिण भागात नेलं. छत्तिसाव्या रस्त्यावर, कॉटेज ग्रोव्ह रस्त्यापाशी, २०११ साली सॅमच्या नावाची पाटी लागली आहे. मानाच्या पाट्या तिथे तपकिरी रंगाच्या असतात. पाच मिनिटं खाली उभा राहिलो. समोरून एक म्हातारा काठी टेकत गेला, त्याने मान वर केली नाही. रोजचं असेल त्याला.

निवृत्तीनंतर ग्रॅच्युइटीतून टर्नटेबल घेतलं आहे. ‘यू सेंड मी’ अधूनमधून लावतो. या अमेरिकन तबकड्यांचं मधलं भोक चांगलं दीड इंचाचं, आपल्या ईपीसारखं बारीक नाही, त्यामुळे आधी त्यात प्लॅस्टिकची चकती बसवावी लागते. शेजारी दुसरी एक तबकडी ठेवली आहे. सॅम गेल्यावर अकरा दिवसांनी, २२ डिसेंबर १९६४ ला निघालेली. एका बाजूला ‘शेक’ हे नाचाचं गाणं, दुसऱ्या बाजूला ‘अ चेंज इज गॉना कम’. इथे लेबलावर गीतकार म्हणून सॅम कुकचं स्वतःचं नाव आहे आणि खाली काग्जचं. मात्र रेडिओच्या सोयीसाठी गाणं आखूड करताना त्यातलं एक कडवं काढलं. नेमकं तेच, ज्यात काळ्या माणसाला सिनेमाच्या आणि बाजारपेठेच्या दारातून परत पाठवतात. ते ऐकायचं तर एल.पी.च काढावी लागते, ‘एन्ट दॅट गुड न्यूज’, बाजू दुसरी, गाणं पहिलं.

माझ्याकडे आहे ती हेड कॅशियरांची. धोबीतलावला लावली होती तीच. सेवानिवृत्त होऊन गोव्याला जाताना त्यांनी ती माझ्या टेबलावर ठेवली होती. कव्हरच्या मागे कोपऱ्यात शाईने त्यांचं नाव आणि तारीख आहे. असं काही लिहिलेलं असलं की संग्राहकांच्या बाजारात किंमत निम्म्यावर येते. मध्यंतरी एकाने ते खोडरबराने हलकेच काढून द्यायची तयारी दाखवली. मी एल.पी. त्याच्या हातातून परत घेतली आणि कपाटात ठेवून दिली.